वस्ताद कोणत्या तालमीतला? अमेरिकेतल्या स्पोर्ट्स सर्जरी फेलोशिपच्या प्रमुखांविषयी

एमएस ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला लांबलचक पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेत ऑर्थोपेडिक सर्जनांसाठी स्पोर्ट्स मेडिसिनच्या ज्या फेलोशिप आहेत, त्यांचे प्रमुख मुळात कुठून आलेले असतात? असा एखादा बायोडेटा समोर आला तर त्यात बघायचं काय? आणि त्या नावांमध्ये बायका इतक्या कमी का? "मॅडम, नुसती नावं नकोत, मला समजून घ्यायचंय," असं तिने शेवटी लिहिलंय. उत्तर तिलाच देतेय, पण हाच प्रश्न पडलेले आणखीही असतील म्हणून मोकळेपणाने इथे लिहिते.

माझ्याविषयी थोडक्यात. गेली बावीस वर्षं मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गुडघा आणि खांद्याचं काम करते. माझे निम्मे पेशंट कबड्डी आणि कुस्तीतले. सुरुवातीच्या काळात काही महिने अमेरिकेत दोन ठिकाणी निरीक्षक म्हणून उभी राहिले. त्या दोन जागांनी मला जे शिकवलं त्यातला बराच भाग या उत्तरात आहे.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण तुझ्या पत्रातही तो आहे. अमेरिकेत स्पोर्ट्स मेडिसिन नावाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक फॅमिली मेडिसिन, बालरोग वगैरे करून आलेल्यांची. ते शस्त्रक्रिया करत नाहीत. दुसरी ऑर्थोपेडिक सर्जनांची. चार वर्षं कॉलेज, चार वर्षं मेडिकल, पाच वर्षं रेसिडेन्सी (आपल्या एमएससारखं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) आणि त्यानंतर एका खास विषयासाठी एक वर्षाची फेलोशिप. आपण दुसरीबद्दल बोलतोय. या फेलोशिपमध्ये दरवर्षी दोनशेहून जास्त जागा असतात आणि प्रवेश केंद्रीय पद्धतीने, म्हणजे मॅचमधून होतो. २००७ पासून तिथल्या ऑर्थोपेडिक बोर्डाने या विषयाचं वेगळं प्रमाणपत्र सुरू केलं. आता त्या परीक्षेला बसायचं तर मान्यताप्राप्त फेलोशिप झालेली असावी लागते. म्हणजे आज चाळिशीत असलेला प्रमुख घेतलास तर त्याची वाट ठरलेलीच दिसेल. साठी-सत्तरीतल्यांची तशी नव्हती, आणि त्यांच्या आधीच्या पिढीची तर अजिबातच नव्हती. गंमत तिथे आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

या विषयाचे मूळपुरुष म्हणावेत अशी दोन-तीन माणसं. ओक्लाहोमातले डॉन ओडोनोह्यू. गुडघ्याचं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा बंध) तुटलं तर वाट बघत बसू नका, लवकर शस्त्रक्रिया करा, हे त्यांनी १९५० मध्ये ठामपणे मांडलं आणि १९६२ मध्ये खेळाडूंच्या दुखापतींवर आख्खं पाठ्यपुस्तक लिहिलं. दुसरे जॅक ह्यूस्टन. जॉर्जिया राज्यातलं कोलंबस हे काही मोठं वैद्यकीय केंद्र नव्हे. तिथे १९४९ मध्ये त्यांनी दवाखाना थाटला आणि शेजारच्या ऑबर्न विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं काम वर्षानुवर्षं केलं. १९७२ मध्ये अमेरिकन ऑर्थोपेडिक सोसायटी फॉर स्पोर्ट्स मेडिसिन स्थापन झाली तेव्हा ओडोनोह्यू पहिले अध्यक्ष झाले, आणि या विषयाच्या नियतकालिकाचे पहिले संपादक ह्यूस्टन.

या दोघांनी फेलोशिप कुठे केली होती? कुठेच नाही. ती नव्हतीच. ते शिकले मैदानाच्या कडेला उभं राहून. दुखापत डोळ्यांसमोर होताना बघणं, पाच मिनिटांत गुडघा हातात घेणं, सूज यायच्या आत तपासणं. ओपीडीत तीन आठवड्यांनी आलेला गुडघा आणि मैदानावरचा ताजा गुडघा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कबड्डीच्या स्पर्धेत मॅटशेजारी खुर्ची टाकून बसल्याशिवाय हे मलाही कळलं नव्हतं. पोराने रेड टाकली, पाय रोवून वळला, मागून साखळी आली आणि गुडघा आत गेला. तो क्षण एकदा बघितला की पुढे ओपीडीत "मॅडम, कट्‌ असा आवाज आला" या वाक्याचा अर्थ लागतो.

आता पुढची पिढी बघ. जेम्स अँड्र्यूज हे नाव तू ऐकलंच असशील. लुइझियाना स्टेट विद्यापीठात असताना ते पोल व्हॉल्टमध्ये त्यांच्या विभागाचे विजेते होते. रेसिडेन्सी न्यू ऑर्लिन्सला केली. ती १९७२ मध्ये संपली आणि ते आधी व्हर्जिनियात फ्रँक मॅक्यू यांच्याकडे आणि मग थेट फ्रान्समध्ये ल्यों शहरात आल्बेर त्रिया यांच्याकडे गेले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ल्योंचं स्वतःचं घराणं आहे. त्या काळात अमेरिकन सर्जनाने शिकायला फ्रान्सला जाणं ही सरळ वाट नव्हती. तिथून परतून ते ह्यूस्टनच्या दवाखान्यात रुजू झाले. १९८६ मध्ये बर्मिंगहॅमला, अलाबामात गेले आणि स्वतःची संस्था उभी केली. पुढच्या काळात त्यांच्या हाताखालून गेलेले किती तरी फेलो स्वतः प्रमुख झाले.

तिकडे पश्चिम किनाऱ्यावर दुसरं घराणं. रॉबर्ट कर्लन आणि फ्रँक जोब यांनी १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला क्लिनिक सुरू केलं. जोब दुसऱ्या महायुद्धात १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये वैद्यकीय पथकात होते. आघाडीवरच्या सर्जनांना बघून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांनी डॉजर्स संघाचा बेसबॉल पिचर (चेंडू फेकणारा) टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरातलं लिगामेंट उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून नव्याने बनवलं. यशाची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. तो १९७६ मध्ये मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ती शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. त्याच क्लिनिकची धुरा नंतर नील एलाट्रॅश यांच्याकडे आली. त्यांची रेसिडेन्सी पिट्सबर्गची, पण फेलोशिप तिथलीच. फेलो म्हणून आले आणि तिथेच राहिले.

ही गोष्ट तुला पुन्हा पुन्हा दिसेल. प्रमुख हा बऱ्याचदा त्याच संस्थेचा किंवा त्या संस्थेच्या सख्ख्या बहिणीचा जुना फेलो असतो. शिकागोच्या रश विद्यापीठात बर्नार्ड बाख यांनी ऐंशीच्या दशकात स्पोर्ट्स विभाग उभा केला. त्यांची फेलोशिप न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत, रसेल वॉरन यांच्या हाताखाली झालेली. वॉरन न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे डॉक्टर, आणि कॉलेजात स्वतः फुटबॉल खेळलेले. नंतर रशमध्येच नावारूपाला आलेले ब्रायन कोल यांची रेसिडेन्सी त्याच न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात आणि फेलोशिप पिट्सबर्गला. नकाशा काढलास तर न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस, बर्मिंगहॅम, शिकागो, कोलोरॅडोतलं व्हेल अशा मोजक्या ठिपक्यांमधून रेषा जाताना दिसतील. कोल्हापुरात एखाद्या पैलवानाने डाव टाकला की जुनी माणसं लगेच ओळखतात, हा अमक्या वस्तादाचा हात. इथेही तसंच आहे. हाडात टनेल (भोक) कुठे मारतो, नव्या लिगामेंटसाठी ग्राफ्ट (दुसरीकडून काढलेला तुकडा) कोणता घेतो, गुडघ्यातली फाटलेली गादी शिवतो की कापतो, यावरून माणूस कोणाकडे शिकला ते कळतं.

या घराण्यांचा फायदा उघड आहे. हातातलं काम पुस्तकातून येत नाही, ते हातातूनच हातात जातं. पण तोटाही तितकाच उघड आहे आणि तो मला मनापासून सलतो. एकाच घराण्याची माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या शिष्यांची शिफारस करतात, आणि बाहेरच्याला दार सापडत नाही. चूक असेल तर तीही घराण्यातून पुढे जाते. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत जॉन फीगिन यांनी कॅडेटांच्या तुटलेल्या एसीएलची (गुडघ्याच्या आतल्या मुख्य लिगामेंटची) नुसती शिवण करून पाच वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं आणि १९७६ मध्ये निष्कर्ष मांडले: सुरुवातीला बरे वाटलेले गुडघे पाच वर्षांत बिघडले होते. स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांबद्दल त्यांनी हे लिहिलं. वेस्ट पॉइंटच्या स्पोर्ट्स फेलोशिपला आज त्यांचं नाव आहे, आणि मला वाटतं त्या नावाला ते शोभतं. एखाद्या प्रमुखाच्या यादीत असा एक तरी लेख सापडला, जिथे त्याने स्वतःच्याच कामाचा वाईट निकाल प्रामाणिकपणे छापलाय, तर त्याच्याकडे शिकायला जावं असं माझं मत आहे. बाकी दोनशे लेख नंतर.

लेखांचंच आधी बोलू, कारण तू एच-इंडेक्सबद्दल विचारलंयस. एखाद्याचे वीस लेख प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले असतील तर त्याचा एच-इंडेक्स वीस. विद्यापीठातल्या फेलोशिपच्या प्रमुखांचा हा आकडा खासगी क्लिनिकवाल्यांपेक्षा सहसा मोठा असतो. त्यात नवल नाही, कारण त्यांच्याकडे रेसिडेंट, विद्यार्थी, रिसर्च फेलो अशी फौज असते आणि प्रत्येक लेखावर शेवटचं नाव प्रमुखाचं. पण आकडा तुला एवढंच सांगतो की तिथे छपाईची सोय चांगली आहे. त्या माणसाने कधी एका प्रश्नाचा दहा वर्षं पाठलाग केलाय का, हे यादी उघडून तूच शोधायचं. फ्रँक नॉइस यांनी सिनसिनाटीत इंजिनिअरांना बरोबर घेऊन गुडघ्याच्या लिगामेंटची ताकद मोजत आयुष्य घालवलं. लायल मायकेली यांनी १९७४ मध्ये बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात लहान खेळाडूंसाठी स्वतंत्र क्लिनिक काढलं, आणि वाढत्या वयातल्या हाडांचा प्रश्न कधी सोडला नाही. अशा माणसाची यादी वाचताना एक धागा हाताला लागतो. ज्या यादीत दर महिन्याला वेगळ्या विषयावर, मोठ्या डेटाबेसमधून काढलेला लेख आहे, तिथे धागा लागत नाही.

आणि आता फ्रेडी फू. मी कधी त्यांच्याकडे शिकले नाही, पण आशियातून आलेल्या कोणत्याही सर्जनाला त्यांचं उदाहरण जवळचं वाटतं. जन्म १९५० चा, हाँगकाँगमधला. डार्टमथला कॉलेज, पिट्सबर्गला मेडिकल, पिट्सबर्गलाच रेसिडेन्सी, आणि मग तिथेच अखेरपर्यंत. १९९८ मध्ये ते तिथल्या ऑर्थोपेडिक विभागाचे प्रमुख झाले, २०२१ मध्ये गेले. एसीएलचे दोन पदर असतात आणि प्रत्येकाच्या गुडघ्याची रचना वेगळी असते, तेव्हा सगळ्यांना एकाच जागी टनेल मारू नका, हा त्यांचा आग्रह. दोन पदर वेगळे बांधण्याची पद्धत पुढे सगळीकडे टिकली नाही. पण रचनेकडे परत बघायला लावलं ते कायमचं टिकलं. त्यांचं खरं काम मात्र मला दुसरंच वाटतं. जगभरातून आलेल्या रिसर्च फेलोंना त्यांनी पिट्सबर्गमध्ये जागा दिली. जपान, कोरिया, ब्राझील, युरोप, आपल्याकडचेही. आज पिट्सबर्गच्या स्पोर्ट्स विभागाची सूत्रं सांभाळणारे फोल्कर मुसाल मूळचे जर्मनीचे. घराण्याचं दार बाहेरच्यासाठी उघडणारा वस्ताद असा असतो.

दार उघडण्याची आणखी एक गोष्ट, उलट दिशेने गेलेली. दुर्बिणीतून गुडघा बघणं ही मुळात जपानी विद्या. केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये टोकियोत सुरुवात केली. मासाकी वातानाबे यांनी ती पुढे नेली आणि १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फाटका तुकडा काढला. कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी संघाबरोबर गेले होते. वेगळ्याच कामासाठी ते तिथे राहिले, वातानाबेंकडे ही विद्या बघितली आणि टोरोंटोला घेऊन गेले. तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या मोठ्या सर्जनांना हे खेळणं वाटत होतं. म्हणून कोणी म्हणालं की शिकायचं तर अमेरिकेतच, तर त्याला टोकियो आणि ल्योंची आठवण करून दे. अमेरिकेतल्या घराण्यांचे झरे तिथूनही आले आहेत.

प्रमुख स्वतः खेळाडू असावा का? बरेच असतात. अँड्र्यूज आणि वॉरन यांचं सांगितलंच. व्हेलची संस्था उभी करणारे रिचर्ड स्टेडमन टेक्सासमध्ये कॉलेज फुटबॉल खेळले आणि अमेरिकेच्या स्की संघाचे डॉक्टर होते. लेक टाहोहून ते १९९० मध्ये व्हेलला आले. खेळलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही: बाहेर बसणं किती दुखतं ते. पण मी याला फार वजन देणार नाही. खेळलेला सर्जन कधी कधी खेळाडूच्या घाईत स्वतःही सामील होतो. सहाव्या महिन्यात मॅटवर उतरायचंच म्हणून हटून बसलेल्या पोराला नवव्या महिन्यापर्यंत थांबवणारा डॉक्टर लागतो, आणि तो खेळलेलाच असावा असं काही नाही.

"टीम फिजिशियन" या शब्दाकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघ. प्रत्येक बायोडेटात तो असतो. एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) अमका संघ, बेसबॉलचा तमका. पूर्वी हे नातं विश्वासातून तयार व्हायचं. हल्ली अनेक हॉस्पिटलं संघाला मोठी रक्कम देऊन "अधिकृत वैद्यकीय भागीदार" होतात आणि मग त्यांचे सर्जन त्या संघाचे डॉक्टर. तेवढ्याने सर्जन वाईट ठरत नाही, पण ते नाव गुणवत्तेचं प्रमाणपत्रही ठरत नाही. त्याऐवजी हे विचार: शाळेच्या, गावातल्या कॉलेजच्या सामन्यांना प्रमुख अजूनही स्वतः जातो का, आणि फेलोला बरोबर नेतो का? मी ज्या पहिल्या ठिकाणी होते तिथले प्रमुख शुक्रवारी संध्याकाळी ओटी संपवून हायस्कूल फुटबॉलच्या मैदानावर जायचे. तिथे ना कॅमेरे, ना प्रसिद्धी. थंडीत तीन तास उभे. एकदा एक पोरगं पडलं आणि फेलो धावायला निघाला, तर त्यांनी त्याच्या कोपराला हात लावून थांबवलं, "आधी बघ तो स्वतः कसा उठतो." त्या एका वाक्याने मला तपासणी म्हणजे काय ते कळलं. आजही मॅटशेजारी बसले की ते वाक्य मनात असतं.

त्याच माणसाची सोमवार सकाळची मीटिंग मी विसरणार नाही. आठवड्याच्या सगळ्या केसेस फेलोने मांडायच्या, आणि प्रत्येक केसला एकच प्रश्न: ही शस्त्रक्रिया नाही केली तर काय होईल? कितीदा तरी उत्तर देताना फेलोच्या लक्षात यायचं की केस रद्द करायला हवी. प्रमुख स्वतःच्या केसेसही त्याच कसोटीला लावायचे. त्यांचा बायोडेटा जेमतेम दीड पानाचा होता.

दुसऱ्या जागेचं नाव मी लिहिणार नाही. मोठं केंद्र, प्रमुखांचं जगभर नाव, मी त्या नावामागेच गेले होते. चार महिन्यांत त्यांनी फेलोला शस्त्रक्रियेचा मुख्य भाग करू दिलेला मी एकदाही बघितला नाही. फेलोने कॅमेरा धरायचा, पाय धरायचा, टाके घालायचे. एका ओटीतून दुसऱ्या ओटीत प्रमुख धावायचे, दिवसाला दहा-बारा केसेस. संध्याकाळी फेलो शस्त्रक्रियांच्या नोंदींचं डिक्टेशन देत बसायचे. वर्ष संपताना त्यातला एक जण मला म्हणाला की पहिली एसीएल एकट्याने करायची वेळ आली तर माझे हात कापतील. त्या मुलाचं वर्ष वाया गेलं, आणि त्याच्या पहिल्या काही पेशंटांनी त्याची किंमत मोजली असेल, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या प्रमुखांच्या बायोडेटात हे कुठेच दिसलं नसतं. म्हणून त्यात जे लिहिलेलं नसतं त्याची चौकशी आधी करायची.

आता तुझा तिसरा प्रश्न. खरं आहे, बायका फार थोड्या आहेत. मुळात अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक सर्जनांमध्येच बायका शंभरात सहा-सातच्या आसपास, आणि प्रमुखपदापर्यंत जाता जाता त्या आणखी विरळ होतात. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ऑर्थोपेडिक अकादमीला पहिली महिला अध्यक्ष, क्रिस्टी वेबर, २०१९ मध्ये मिळाली. स्पोर्ट्स मेडिसिनच्या सोसायटीला जो हॅनाफिन २०१३ मध्ये. म्हणजे स्थापनेनंतर एक्केचाळीस वर्षांनी. हॅनाफिन यांचा बायोडेटा मुद्दाम वाच. वैद्यकीय पदवीबरोबर पीएचडी, राष्ट्रीय पातळीवरचं रोइंग, मग न्यूयॉर्कच्या त्याच हॉस्पिटलात सर्जन आणि अमेरिकेच्या रोइंग संघाच्या डॉक्टर. त्या पिढीतल्या पुरुषांच्या शेजारी ठेवून बघितलंस तर लक्षात येईल की त्याच खुर्चीपर्यंत यायला तिला किती जास्त काही दाखवावं लागलं.

कारणं तुला माहीत आहेत, तू ती रोज ऐकतेस. "हाडांचं काम ताकदीचं", "लग्न झाल्यावर काय", "ओटीत बायका कपडे कुठे बदलणार". मी एमएस करत असताना माझ्या विभागात मुलींसाठी वेगळी चेंजिंग रूम नव्हती, मी नर्सेसच्या खोलीत बदलायचे. मैदानाचा प्रश्न आणखी वेगळा: पुरुषांच्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये डॉक्टर म्हणून बाई चालेल का, हे ठरवणारे सगळे पुरुषच. आणि मघाशी सांगितलेली घराण्याची रीत इथे सगळ्यात जास्त आड येते. वस्ताद स्वतःसारखा दिसणारा पठ्ठ्या शोधतो, बऱ्याचदा नकळत. अमेरिकेत आता शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या हातात ड्रिल आणि प्लेट देऊन हाडांवरचं काम करून बघायला देणारे उपक्रम आहेत. पेरी इनिशिएटिव्ह त्यातला एक, २००९ पासूनचा, जॅकलिन पेरी या थोर ऑर्थोपेडिक सर्जनच्या नावाचा. हे व्हायलाच हवं, आणि त्याचं कारण पेशंटच्या बाजूनेही आहे. बास्केटबॉल, सॉकरसारख्या खेळांत मुलींचं एसीएल मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात तुटतं. माझ्या ओपीडीत कबड्डी खेळणाऱ्या खेड्यातल्या मुली येतात. पाळी किती महिने आली नाही, दिवसातून किती वेळा जेवते, हे त्या मला सांगतात. पुरुष डॉक्टरांना त्यांनी कधी सांगितलेलं नसतं. हाडाचा हेअरलाइन फ्रॅक्चर पुन्हा पुन्हा का होतो याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

तुझ्यासाठी व्यवहाराचं. भारतात एमएस करून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त फेलोशिपमध्ये थेट शिरणं फार अवघड आहे. यूएसएमएलई (तिथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा), ईसीएफएमजीचं (परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र, राज्याचं लायसन्स, व्हिसा, एवढं करूनही तिथली रेसिडेन्सी नसेल तर बोर्डाची सर्टिफिकेट परीक्षा आपल्याला साधारणपणे बंदच. काही केंद्रं परदेशी फेलोसाठी वेगळी जागा ठेवतात, काही रिसर्च फेलो घेतात, आणि निरीक्षक म्हणून जाणं सर्वांत सोपं. पण निरीक्षकाला स्क्रब होता येत नाही, म्हणजे शस्त्रक्रियेत हात घालता येत नाही, हे मनाशी पक्कं ठेवून जा. कर्ज काढून नुसतं बघायला जाऊ नकोस. आधी इथे हात तयार कर. २००५ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराची शस्त्रक्रिया लंडनला झाली होती. नीरज चोप्राचं कोपर २०१९ मध्ये आणि ऋषभ पंतचा गुडघा २०२३ मध्ये, दोन्ही मुंबईत दिनशा पारडीवाला यांनी केले. त्यांच्याही आधी अनंत जोशींनी मुंबईत क्रिकेटपटूंच्या दुखापतींचं आणि दुर्बिणीचं काम रुजवलं. म्हणजे तालीम इथेही आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आणि राष्ट्रीय बोर्डाच्या फेलोशिप आधी बघ. इथे शंभर-दीडशे गुडघ्यांना हात लागल्यावर पिट्सबर्गला किंवा ल्योंला तीन महिने उभी राहिलीस तर कळेल तरी काय बघायचंय ते.

आणि तू पत्रात दिलेल्या यादीतल्या पाच केंद्रांपैकी एकाही प्रमुखाला अजून पत्र लिहू नकोस. आधी त्या प्रत्येकाच्या मागच्या तीन वर्षांतल्या फेलोंची नावं शोध आणि त्यांना लिही. तिथे फेलो म्हणून किती एसीएल सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केल्या, प्रमुख बरोबर उभे होते की शेजारच्या ओटीत होते, कॉम्प्लिकेशन झालं तेव्हा पेशंटच्या नातेवाइकांशी कोण बोललं, आणि मुली फेलो किती होत्या. चार प्रश्न, यापेक्षा जास्त नकोत, लोक उत्तर देत नाहीत. आलेली उत्तरं मला पाठव, मग कोणाला लिहायचं ते बसून ठरवू.